उघड्यावरचे सॉकेट आणि निविदेतील दोन शब्द

प्रशासनावर लिहिताना विजेच्या सॉकेटवर एक संपूर्ण लेख खर्च करावा काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. धोरणे, योजना, अंदाजपत्रके आणि कायदे हे आपल्या चर्चेचे नेहमीचे विषय असतात. परंतु सामान्य नागरिकाची शासनाशी गाठ पडते ती शासकीय इमारतीच्या पायरीशी, नळाच्या तोटीशी, दवाखान्यातल्या खाटेशी आणि भिंतीवरच्या बटणाशी. या वस्तू कशा निवडल्या जातात, कोण निवडतो आणि निवड चुकली तर किंमत कोण मोजतो, हा प्रशासनाचाच प्रश्न आहे. तो मला एका सॉकेटने शिकवला, म्हणून हा लेख.

ओडिशाच्या किनाऱ्यावरील एका जिल्ह्यात मी अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी होतो. १२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री फायलिन हे चक्रीवादळ गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आदळले. १९९९ च्या महाचक्रीवादळात याच राज्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली होती. फायलिनच्या वेळी मात्र लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. या यशात किनाऱ्यालगत बांधलेल्या चक्रीवादळ निवाऱ्यांचा वाटा मोठा होता.

वादळानंतर आम्ही निवाऱ्यांमधील सोयींचा आढावा घेतला. तांदूळ, चुरमुरे, पिण्याचे पाणी, ताडपत्री ही यादी आम्हाला पाठ होती. परंतु लोकांनी सर्वाधिक मागणी केली होती ती मोबाइल चार्ज करण्याच्या सोयीची. समुद्रावर गेलेला मुलगा परतला का, दुसऱ्या गावातली बहीण सुखरूप आहे का, हे कळण्याचे तेच एक साधन होते. पाण्याचा पंप व दिवे जनित्रावर चालवण्यासाठीही व्हरांड्यात जोडणीची सोय हवी होती. त्यामुळे प्रत्येक निवाऱ्याच्या व्हरांड्यात आणि बाहेरच्या भिंतीवर सॉकेट बसवायचे ठरले.

खरेदी समितीचा मी अध्यक्ष होतो. मागणीपत्रात एक ओळ होती: ‘वेदरप्रूफ सॉकेट, १६ अँपिअर, स्विच व पेटीसह, उत्तम प्रतीचे.’ निविदा निघाली, दर आले, तुलनात्मक तक्ता तयार झाला, सर्वात कमी दराच्या पुरवठादाराला आदेश गेला. त्या टिप्पणीवर स्वाक्षरी करायला मला दोन मिनिटेही लागली नसतील. कागदोपत्री सारे नियमानुसार होते.

बरोबर एक वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ रोजी, हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकले. आदल्या दिवसापासून आमच्याकडेही निवारे उघडले गेले होते. रात्री एका निवाऱ्यात पाण्याची टाकी भरण्यासाठी गावातील एक स्वयंसेवक पंपाचा प्लग लावायला गेला. सॉकेटच्या झाकणाची बिजागरी आधीच तुटली होती आणि पेटीत पाणी साचले होते. त्याचा हात ओला होता, पाय अनवाणी होते. धक्क्याने तो मागे फेकला गेला. दोन हातांच्या अंतरावर लहान मुले झोपली होती. तो तरुण वाचला, पण तळहात भाजला आणि चार दिवस त्याला रुग्णालयात राहावे लागले. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर आलेल्या अहवालात या घटनेला एक ओळ मिळाली होती: ‘किरकोळ दुर्घटना वगळता स्थिती सामान्य.’

मी खरेदीची संचिका मागवली. तिच्यात दोष सापडेना. मागणी होती, निविदा होती, दर सर्वात कमी होता, साठा नोंदवहीत नोंद होती, देयकावर ‘माल तपासून घेतला’ असा शेरा होता. पुरवठादाराला जाब विचारायचा तर कोणत्या आधारावर? ‘उत्तम प्रतीचे’ या दोन शब्दांचा त्याने एक अर्थ लावला होता. माझ्या मनातला अर्थ वेगळा असेल, पण तो मी कोठेही लिहिला नव्हता. लोकांना वादळातून वाचवण्यासाठी बांधलेल्या इमारतीत आम्हीच एक धोका बसवला होता आणि संचिकेनुसार कोणीही दोषी नव्हता.

मग मी निवृत्तीला आलेल्या एका सरकारी वायरमनला बरोबर घेऊन त्या निवाऱ्यावर गेलो. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी काहीही न बोलता तुटलेल्या झाकणाचा तुकडा अंगठ्याच्या नखाने दाबला. त्याचा भुगा झाला. ‘हे पावसाने नाही मेलं, उन्हाने मेलं, आज्ञा,’ ते म्हणाले. ओडिशात वरिष्ठांना ‘आज्ञा’ म्हणण्याची रीत आहे. त्यांनी पुढे एकेक गोष्ट दाखवली. केबल पेटीच्या वरच्या अंगाने आत घेतली होती आणि भोकाला ग्लँड नव्हता, त्यामुळे भिंतीवरून ओघळणारे पाणी केबलच्या आधाराने सरळ पेटीत उतरत होते. साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेने गंजून अडकले होते, त्यामुळे दुरुस्तीसाठी पेटी उघडणेही अशक्य होते. अर्थची तार सॉकेटपर्यंत आणली होती, पण दुसऱ्या टोकाला ती कशालाच जोडलेली नव्हती.

‘हे तुम्ही खरेदीच्या आधी का सांगितले नाही?’ मी विचारले.

‘कोणी विचारलंच नाही, आज्ञा.’

परतताना त्यांनी गाडी मासेमारीच्या धक्क्याकडे वळवायला लावली. तिथल्या बर्फ फोडण्याच्या यंत्राशेजारी एक निळे औद्योगिक सॉकेट होते. मिस्त्रींनीच ते आठ वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी बसवून दिले होते. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता, तरी ते उत्तम चालत होते. त्याच्यावर प्लॅस्टिकचा एक जुना कॅन अर्धा कापून पागोळीसारखा ठोकलेला होता. मालक दरवर्षी रथयात्रेच्या आधी, म्हणजे पावसाळा लागण्यापूर्वी, ते उघडून पुसून घेत असे. त्या मालकाला निविदेचा एकही नियम ठाऊक नव्हता. परंतु स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हातासाठी घेतलेली वस्तू कशी निवडावी, हे त्याला पक्के ठाऊक होते. मला ते का ठाऊक नव्हते, या प्रश्नाने मला अभ्यासाला बसवले. त्यातून जे कळले ते वाचकांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

‘वेदरप्रूफ’ हा शब्द विक्रेत्याचा आहे. तो मोजता येत नाही. मोजता येते ते ‘आयपी’ या दोन अक्षरांपुढील अंकांनी सांगितलेले संरक्षण. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक ६०५२९ या क्रमांकाचे असून भारतीय मानक ब्यूरोनेही ते स्वीकारले आहे. पहिला अंक घन वस्तू व धुळीपासूनच्या संरक्षणाचा असतो आणि तो शून्य ते सहा असतो. दुसरा अंक पाण्याचा. दुसऱ्या जागी चार असेल तर कोणत्याही दिशेने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण. पाच म्हणजे नळीतून मारलेल्या पाण्याच्या धारेपासून, चाचणीत ही धार मिनिटाला साडेबारा लिटरची असते. सहा म्हणजे मिनिटाला शंभर लिटरच्या जोरदार धारेपासून. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून राहिल्यास. यात एक बारकावा असा की हे आकडे सहाच्या पुढे चढत्या पायऱ्यांप्रमाणे चालत नाहीत. बुडण्याच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली वस्तू जोरदार धारेच्या चाचणीत उत्तीर्ण होईलच असे नाही, म्हणून काही वस्तूंवर दोन्ही अंक स्वतंत्रपणे लिहिलेले असतात.

छपराखालच्या भिंतीला आयपी ४४ पुरते. जिथे पाऊस आडवा मारतो अशा उघड्या भिंतीला आयपी ५५ घ्यावे. किनारा, बंदर, धुण्याची जागा येथे आयपी ६६. सर्वत्र सर्वात वरचा आकडा मागणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय.

परंतु केवळ आकडा पाहूनही फसगत होते, ती तीन प्रकारे. पहिली अशी की अनेक सॉकेटांचे मानांकन झाकण बंद असतानाचे असते. प्लग लावला की झाकण उघडे राहते आणि मानांकन संपते. निवाऱ्यातला पंप तर पावसातच चालणार. म्हणून ‘प्लग लावलेल्या स्थितीत’ संरक्षण देणारे खोल झाकण आहे काय, हे विचारले पाहिजे. दुसरी अशी की ही चाचणी नव्या नमुन्यावर आणि गोड्या पाण्याने होते. पाच उन्हाळे आणि खारा वारा सोसल्यावर ती वस्तू कशी वागेल, हे त्या अंकांत नसते. त्यासाठी पेटी अतिनील किरणांना टिकणाऱ्या पॉलिकार्बोनेटची हवी, कारण साधे प्लॅस्टिक उन्हात पिवळे पडून ठिसूळ होते. स्क्रू व बिजागरीच्या खिळी स्टेनलेस स्टीलच्या हव्यात आणि समुद्राजवळ त्या ३१६ प्रतीच्या असाव्यात, कारण त्यातील मॉलिब्डेनम मिठाच्या हल्ल्याला ३०४ प्रतीपेक्षा अधिक दाद देत नाही. तिसरी फसगत बसवण्यातली. आयपी ६६ च्या पेटीला वरून भोक पाडले की ती शून्याची होते. केबल खालून घ्यावी, पेटीच्या पातळीखाली उतरवून मग वर वळवावी, म्हणजे ओघळणारे पाणी त्या वळणावरच गळून पडते. भोकाला केबलच्या मापाचा ग्लँड असावा. आणि पेटी त्या जागी आजवर चढलेल्या पाण्याच्या रेषेच्या वर बसवावी. ती रेषा अभियंत्याच्या नकाशापेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांना अधिक नेमकी माहीत असते.

सॉकेटचा प्रकार कोणता, हाही निर्णय असतो. आपल्या घरांतील तीन गोल पिनांचे सॉकेट आयएस १२९३ या मानकाखाली येते. निळे किंवा लाल औद्योगिक सॉकेट ६०३०९ या आंतरराष्ट्रीय मानकाखाली येते. निळा रंग आपल्या नेहमीच्या २३० व्होल्टच्या एकफेजी पुरवठ्याचा, लाल त्रिफेजी पुरवठ्याचा. औद्योगिक सॉकेटचा प्लग खोल बसतो, ओढ लागली तरी सहजी निसटत नाही, आणि पाण्याला अधिक चांगला तोंड देतो. पण त्यात मोबाइलचा चार्जर बसत नाही. आम्ही निवाऱ्यांत सर्वत्र तेच बसवले असते तर लोकांनी उघड्या तारा खुपसून चार्जर चालवले असते, म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली अधिक मोठा धोका. म्हणून पंप व जनित्रासाठी औद्योगिक, चार्जिंगसाठी झाकणाचे साधे आयएसआय चिन्हांकित सॉकेट आणि तेही व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर, अशी विभागणी योग्य ठरते. वस्तू वापरणारा माणूस डोळ्यांसमोर नसेल तर उत्कृष्ट वस्तूही चुकीची ठरते.

एवढे करूनही पाणी कधीतरी आत जाईलच असे गृहीत धरावे. तेव्हा जीव वाचवते ते आरसीसीबी हे उपकरण. अनेकांचा समज असतो की एमसीबी आहे, मग धक्क्याची भीती नाही. एमसीबी तारांचे रक्षण करते, माणसाचे नाही. सहा अँपिअरची एमसीबी सहा अँपिअरच्या पुढे गेल्यावरच हालचाल करते. माणसाचा हात मात्र सुमारे १० मिलिअँपिअरला तारेवरून सुटेनासा होतो आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाला धोका सुरू होतो. हा आकडा सहा अँपिअरच्या दोनशेवा भाग आहे. आरसीसीबी जाणारा व परतणारा प्रवाह यांतील फरक मोजते आणि ३० मिलिअँपिअरची गळती दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडते. बाहेरच्या प्रत्येक सॉकेटमागे ती हवीच. तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. निवाऱ्यासारख्या ठिकाणी आणखी एक काळजी घ्यावी लागते. जनित्राचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला नसेल तर आरसीसीबी आपले काम नीट करू शकत नाही, म्हणून ती जोडणी विद्युत निरीक्षकाकडून तपासून घ्यावी. आणि अर्थिंगला पर्याय नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांपर्यंत प्रत्येक पिढीच्या नियमांनी त्याचा आग्रह धरला आहे.

आता प्रशासनाच्या मुद्द्याकडे येतो. अशी एखादी दुर्घटना झाली की आम्ही अधिकारी हळूच म्हणतो, ‘काय करणार, सर्वात कमी दरालाच द्यावे लागते.’ मीही म्हणत असे. परंतु हे अर्धसत्य आहे. नियम म्हणतो की विनिर्देश पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वात कमी दर स्वीकारा. विनिर्देश लिहिण्याचे काम नियमाने आपल्यावर सोपवलेले असते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ पाहावा. खरेदीच्या वस्तूचे वर्णन वस्तुनिष्ठ, कार्याधारित आणि मोजता येण्याजोगे असावे, विशिष्ट ब्रँडचे नाव त्यात नसावे, आणि अनावश्यक वैशिष्ट्यांची मागणी नसावी, असे तो सांगतो. राज्यांचे आपापले वित्तीय नियम आहेत, पण तत्त्व हेच. ‘उत्तम प्रतीचे’ हे वर्णन वस्तुनिष्ठ नाही, कार्याधारित नाही आणि मोजता तर मुळीच येत नाही. म्हणजे नियमाने माझे हात बांधले नव्हते. मीच नियमाचा अर्धा भाग वाचला नव्हता.

मग आम्ही मोघम का लिहितो? याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे नेमके लिहायला विषय समजून घ्यावा लागतो, आणि ज्याला तो समजतो त्या वायरमनला बैठकीत खुर्ची नसते. दुसरे कारण अधिक अवघड आहे. नेमके लिहिले की उत्तरदायित्वही नेमके होते. ‘आयपी ५५’ असे लिहिले तर माल घेताना कोणाला तरी ते तपासून पाहावे लागते आणि न तपासता शेरा मारणाऱ्याचे नाव पुढे सांगता येते. मोघम शब्दात सर्वांनाच आसरा मिळतो: पुरवठादाराला, भांडारपालाला, अभियंत्याला आणि माझ्यासारख्या अध्यक्षाला.

याउलट आक्षेपही आहेत आणि ते फेटाळण्याजोगे नाहीत. विनिर्देश फार कडक केले तर स्पर्धा कमी होते, स्थानिक छोटे पुरवठादार बाहेर पडतात, आणि एखाद्याच कंपनीच्या मापाचा विनिर्देश लिहून घेण्याची वाट मोकळी होते. हे शासनात घडत आले आहे, म्हणूनच लेखापरीक्षक कडक विनिर्देशांकडे संशयाने पाहतात. दुसरा आक्षेप असा की जिल्ह्यात प्रयोगशाळा कोठे आहे? पहिल्याला उत्तर असे की गरज लिहावी, वस्तू नव्हे. ‘प्लग लावलेल्या स्थितीत आयपी ५५’ ही गरज आहे आणि ती अनेक उत्पादक पुरवू शकतात. पेटीची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिणे, हा मात्र संशयाचा विषय. दुसऱ्याला उत्तर असे की एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल निविदेसोबत मागता येतो. शिवाय ज्या नमुन्यावर दर दिला तोच माल आला का, याची एक ढोबळ परीक्षा कचेरीच्या आवारातही होते. नमुना पाटीवर बसवावा, आत कोरडा टिपकागद ठेवावा, वीज अजिबात न जोडता बागेच्या नळीने सर्व बाजूंनी तीन मिनिटे पाणी मारावे आणि मग पेटी उघडून कागद पाहावा. ही प्रमाणित चाचणी नव्हे. पण जो नमुना यात भिजतो त्याच्यावर आणखी वेळ घालवण्याची गरज उरत नाही.

दुसऱ्या खेरीपूर्वी, म्हणजे आधीची सॉकेटे काढून नवी घेताना, आम्ही हेच केले. मिस्त्रींना समितीत विशेष निमंत्रित म्हणून बसवले. विनिर्देश एका ओळीऐवजी अकरा ओळींचा झाला. सात नमुने आले, त्यांतील चारांचे टिपकागद भिजले. त्या चारांत एक नमुना सर्वात महागही होता, हे मुद्दाम नमूद करतो, कारण महाग म्हणजे टिकाऊ हाही एक आळशी समजच आहे. उरलेल्या तिघांपैकी सर्वात कमी दराला आदेश दिला. म्हणजे नियम तोच होता, फक्त त्याच्या आधीची चाळणी बदलली होती. दर पहिल्या खरेदीच्या दुपटीहून थोडा अधिक होता. लेखापरीक्षणात प्रश्न आला. आम्ही उत्तरासोबत पहिल्या खरेदीतील भुगा झालेले झाकण आणि एक साधा हिशेब जोडला. उदाहरणार्थ, अडीचशे रुपयांची वस्तू दर पावसाळ्यानंतर बदलावी लागत असेल तर सात वर्षांत साडेसतराशे रुपये होतात आणि सात वेळची मजुरी वेगळी. सात वर्षे टिकणारी वस्तू सातशे रुपयांना मिळत असेल, तर परवडणारी कोणती? आक्षेप मागे घेतला गेला. स्वस्त आणि परवडणारे हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथेच हिशेब चुकतो.

ही यशोगाथा आहे असा समज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. मे २०१९ मध्ये फनी वादळ पुरीजवळ धडकले तेव्हा माझी बदली होऊन बराच काळ लोटला होता. वादळानंतर मी जुन्या जिल्ह्यातील एका कनिष्ठ अभियंत्याला दूरध्वनी करून सॉकेटांची चौकशी केली. बहुतेक ठिकाणी ती शाबूत होती. परंतु दोन निवाऱ्यांत आरसीसीबी सारखी पडते म्हणून कोणीतरी तिला वगळून थेट जोडणी करून टाकली होती. आरसीसीबी पडते याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. निरोप आणणाऱ्याचेच तोंड बंद करण्यासारखे ते झाले. खरेदीसाठी आम्ही अकरा ओळी लिहिल्या होत्या, पण देखभालीसाठी एकही लिहिली नव्हती. बर्फाच्या यंत्राचा मालक रथयात्रेच्या आधी सॉकेट उघडून पाहत असे. आमच्या व्यवस्थेत ते कोणी, कधी आणि कोणत्या खर्चाच्या शीर्षातून पाहावे, हे कोठेच ठरलेले नव्हते. ती चूक पुन्हा माझीच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतील अनेक मृत्यू शेतात, छपरांवर आणि उघड्या तारांशी होतात, सर्वांचा संबंध सॉकेटशी नाही. परंतु जून २०२३ मध्ये नवी दिल्ली रेल्वे स्थानकाबाहेर साचलेल्या पाण्यात खांबाला हात लागून एक शिक्षिका गेली आणि जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्याच पटेल नगर भागात पाणी भरलेल्या रस्त्यावर लोखंडी फाटकातून आलेल्या विजेने स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण गेला. राजधानीत ही स्थिती असेल तर दूरच्या निवाऱ्याची चिंता वाटणारच. अशा प्रत्येक मृत्यूमागे कोठेतरी एक मोघम ओळ, एक न जोडलेली अर्थची तार किंवा न झालेली तपासणी असण्याचा संभव असतो.

२०१६ पासून ‘जेम’ हे शासकीय खरेदीचे संकेतस्थळ आले. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या सूचनांनी कामे व सेवांच्या काही खरेदीत गुणवत्तेला गुण देण्याची मुभाही दिली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु संगणकासमोर बसलेल्या अधिकाऱ्यालाच काय हवे हे ठाऊक नसेल, तर संगणक त्याला ते सांगू शकत नाही. म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. जी वस्तू हाताळताना जीव जाऊ शकतो तिच्या खरेदी समितीत ती बसवणारा व दुरुस्त करणारा कारागीर असावा. विनिर्देशातील प्रत्येक ओळीपुढे ‘हे कसे तपासणार’ असा रकाना असावा आणि तो भरता येत नसेल तर ती ओळ गाळावी. माल घेताना तपासणाऱ्याचे नाव व पद स्पष्ट लिहावे. आणि खरेदीच्या मंजुरीतच देखभालीचा महिना व त्याचा खर्च ठरवून टाकावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी शेवटी एक विनंती. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, दिल्ली आणि परदेशांतीलही मराठी मंडळे भाद्रपदात गणपतीचा मंडप घालतात. आपल्याकडे ते दिवस ऐन पावसाचे असतात. रोषणाई, ध्वनिक्षेपक, प्रसादाच्या स्वयंपाकघरातील मिक्सर हे सारे तात्पुरत्या जोडण्यांवर आणि ओल्या जमिनीवर चालते. आपण मंडळाचे पदाधिकारी असाल तर त्या दिवसांपुरते आपणही खरेदी समितीचे अध्यक्ष आहात. मंडपवाल्याला ‘वायरिंग चांगलं कर’ असे सांगू नका. ‘बाहेरची सॉकेटे प्लग लावलेल्या स्थितीत आयपी ५५ असावीत, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी, तिचे बटण माझ्यासमोर दाबून दाखव’ असे सांगा. त्याने नाके मुरडली तरी चालेल. घराच्या गच्चीवरच्या किंवा बाल्कनीतल्या सॉकेटलाही हेच लागू आहे. आणि शक्य असेल तर निवडीआधी एखाद्या जुन्या वायरमनला विचारा. बहुधा त्याला सारे माहीत असते.

तो स्वयंसेवक मला पुढे एकदा भेटला. तळहातावरची जखम भरली होती, पण दोन बोटे पूर्ण मिटत नव्हती. त्याने तक्रार केली नाही. उलट, ‘आज्ञा, पंप मग चालू झाला का त्या रात्री?’ असेच विचारले. ‘उत्तम प्रतीचे’ हे दोन शब्द त्यानंतर मी कोणत्याही मागणीपत्रावर राहू दिलेले नाहीत.